भिंतीशी भांडणारा कुर्ता

लेकीने फॅमिली ग्रुपवर रंगांची एक पट्टी टाकली. चौकोनी ठिपके होते. चुन्याचा पांढरा, वाळूचा, फिकट मातकट, ऑलिव्हच्या पानाची खालची बाजू असते तसला करडा-हिरवा आणि कोपऱ्यात एक निळा. निळ्यापुढे कंस करून लिहिलं होतं, "हा फक्त स्कार्फला". आणि खाली सूचना: "आई, बाबा, कपडे ह्या रंगांतच घ्या. आई, तुझा तो जांभळा कुर्ता प्लीज आणू नकोस, फोटोत भिंतीशी भांडेल." मी हसण्याचा इमोजी टाकला आणि ओट्याकडे वळले, पण दूध तापेपर्यंत डोक्यात तेच घोळत राहिलं. कुर्ता हातमागाचा आहे, हिरव्या काठाचा, आणि आजवर त्याचं कुणाशीही वाजलेलं नाही. भिंत म्हणजे ओस्तुनीची, दक्षिण इटलीतल्या एका टेकडीवरच्या पांढऱ्या गावाची. ती मी अजून बघितलेलीसुद्धा नाही, आणि आमचं भांडण ठाण्यातल्या स्वयंपाकघरात आधीच लागलं.

लेक मिलानला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. आम्ही दोघं इटलीला आधी एकदा जाऊन आलोय, पण ते बसच्या खिडकीतून. पहाटे उठा, बॅगा दाराबाहेर ठेवा, रोम, पिसा, व्हेनिस, आणि प्रत्येक चौकात कुणीतरी झेंडा उंच धरून आपल्याला शोधतंय. ह्या वेळी तिने बजावलं, "धावायचं नाही. एकच प्रदेश. पुलिया. आणि जरा नीट, स्टाइलमध्ये." बुटाच्या आकाराच्या त्या देशाची टाच म्हणजे पुलिया. एका बाजूला एड्रियाटिक, दुसऱ्या बाजूला आयोनियन समुद्र. नवऱ्याने नकाशा मोठा करून बघितला आणि म्हणाला, "म्हणजे आपण टाचेवर पैसे खर्च करणार." मला मात्र ती 'नीट, स्टाइलमध्ये'ची कल्पना मनातून आवडली होती, हे खोटं कशाला बोलू. आयुष्यभर सुट्टी म्हणजे कुणाच्या तरी लग्नाला जोडून काढलेले दोन दिवस. एकदा तरी पांढऱ्या पडद्यांच्या खोलीत, खाली दगडी अंगणात कुणीतरी नाश्ता मांडतंय अशा आवाजाने जाग यावी, असं वाटण्यात काय वाईट आहे?

तर आता संध्याकाळी टीव्हीऐवजी मी मास्सेरिया बघते. पुलियातली जुनी शेतवाडी, तिला मास्सेरिया म्हणतात. जाडजूड भिंती, बाहेरच्या बाजूला जेमतेम खिडक्या, कोपऱ्यावर बुरूज. आता आत पोहण्याचा तलाव, लिंबाची बाग आणि स्पा. एका रात्रीचा आकडा बघून नवऱ्याने चष्मा काढून पुसला. मी एकेका वाडीचे फोटो उलटसुलट बघत होते, आणि हळूहळू लक्षात यायला लागलं की मला जे जे सुंदर वाटतंय त्यातलं बरंचसं भीतीपोटी बांधलेलं आहे. समुद्राकडून छापे यायचे म्हणून बाहेर खिडक्या नाहीत. दारावरच्या सज्जाला खालून भोकं असतात, ती वरून उकळतं पाणी नाहीतर दगड टाकायला. १४८० साली तुर्कांनी ओत्रांतो घेतलं, तेव्हा कापलेल्या आठशेवर माणसांच्या कवट्या आणि हाडं तिथल्या कॅथीड्रलमध्ये काचेच्या कपाटांत आजही रचून ठेवली आहेत. त्याच कॅथीड्रलच्या जमिनीवर बाराव्या शतकातलं, पान्तालेओने नावाच्या साधूच्या देखरेखीखाली घडलेलं मोझॅइक आहे. दारापासून वेदीपर्यंत एक अख्खं झाड पसरलेलं, आणि फांद्यांवर आदम-हव्वेपासून अलेक्झांडरपर्यंत सगळी मंडळी. ते बघायचंच, हे मी ठरवून टाकलंय. लेकीच्या यादीत ओत्रांतोसमोर 'निळं पाणी, लंच' एवढंच होतं.

गंमत म्हणजे ह्या सगळ्यांतली सर्वांत गाजलेली जागा मुळी जुनी नाहीच. जून २०२४ मध्ये जी-७ची बैठक झाली, आपले पंतप्रधान गेले होते आणि मेलोनीबाईंबरोबरचा तो सेल्फी आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला, ती जागा म्हणजे फसानोजवळचं बोर्गो एग्नात्सिया. गल्ल्या, चौक, कमानी, उन्हाने खाल्लेला दगड, सगळं शेकडो वर्षं मुरल्यासारखं दिसतं. उघडलं २०१० साली. गावासारखं दिसणारं हॉटेल बांधलं, आणि आता आसपासची खरी गावं त्या हॉटेलसारखी दिसण्यासाठी धडपडतात की काय, अशी मला शंका आहे.

अल्बेरोबेल्लो गावातल्या त्रुल्लींचंही तसंच, दिसतं एक आणि गोष्ट दुसरीच. पांढऱ्या गोल भिंतींवर करड्या फरशांची शंकूसारखी टोपी घातलेली ती घरं, १९९६पासून युनेस्कोच्या यादीत. प्रत्येक फोटोत एक मुलगी पाठमोरी, हॅट धरून उभी. त्या टोपीत चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. का, तर सांगतात ते असं: नवी वस्ती वसवली की नेपल्सच्या राजाला कर भरावा लागे. तो चुकवायला कोन्वेर्सानोच्या काउंटने आपल्या कुळांना हुकूम दिला, घरं अशी बांधा की अधिकारी येतोय कळलं की पाडता येतील. कर वाचायचा काउंटचा, छप्पर जायचं कुळांचं. शेवटी १७९७ साली गावकरी थेट राजापुढे उभे राहिले आणि त्याने गाव काउंटच्या तावडीतून सोडवलं. आज त्यातल्या कित्येक घरांत रात्रीच्या भाड्याने राहता येतं, वर 'रोमँटिक' असा शेरा. मी नवऱ्याला म्हटलं, राहायचं का? तो म्हणाला, "पाडायला कोण येणार नसेल तर."

खाण्यापाशी आले तेव्हा मात्र थबकले. एका रेस्तराँच्या मेनूत 'ग्रानो आर्सो'चा पास्ता होता. जळक्या गव्हाचा. काळपट पीठ, धुराचा वास असलेलं, वर बुर्राता चीजचा पांढरा गोळा, बशी एवढी मोठी की मधला पास्ता हरवल्यासारखा. लेक म्हणाली, हे आत्ता खूप ट्रेंडिंग आहे. मूळ कथा अशी की उत्तरेकडच्या फोज्जाच्या मैदानात मालकांची गव्हाची कापणी झाली, धसकटं जाळली, की मग मजुरांना आत सोडायचे. राखेत पडलेले जळके दाणे वेचायचे, दळायचे, थोडं पांढरं पीठ मिळालंच तर मिसळायचं आणि पोट भरायचं. त्याच भागातल्या चेरिन्योलाचा जुझेप्पे दि वित्तोरिओ पोरवयापासून शेतमजूर होता, पुढे इटलीतला मोठा कामगार पुढारी झाला. त्या काळी पहाटे चौकात माणसं उभी राहायची आणि मुकादम येऊन बोटाने निवडायचा, तू, तू आणि तू. तो मुकादम अजून गेलेला नाही. आता टोमॅटोच्या शेतांत आफ्रिकेतून आलेली मुलं उभी असतात. २०१६ साली त्याविरुद्ध कडक कायदा झाला, तरी फोज्जाच्या आसपास पत्र्याच्या आणि पुठ्ठ्याच्या वस्त्या आहेतच. हे वाचल्यावर माझी भूक गेली, असं मी म्हणणार नाही. तो पास्ता मला खायचाय. फक्त 'रस्टिक' म्हणून कुणी माझ्यापुढे बशी ठेवली, तर मी कुठे बघायचं, हे कळत नाही.

त्या रात्री मी बन्सी रवा भिजवला.

ओरेक्किएत्ते, म्हणजे कानाच्या आकाराचा तिथला पास्ता, त्या करायच्या होत्या. बारीच्या जुन्या गावात, किल्ल्यासमोरच्या एका गल्लीत बायका दारात टेबलं टाकून त्या करत बसतात, त्याचा व्हिडिओ लेकीने तिथे गेली असताना पाठवला होता. मीठ नाही, अंडं नाही, नुसता डुरम गव्हाचा रवा आणि कोमट पाणी. मळून मळून हात भरून आले, आणि मग पीठ एकदम कानाच्या पाळीसारखं मऊ झालं. पेन्सिलीएवढी वळकटी करायची, सुरीने नखाएवढा तुकडा पाडायचा, त्याच सुरीची बोथट बाजू त्यावर दाबून आपल्याकडे ओढायची. तुकडा सुरीखाली गुंडाळला जातो, पाठीवर खरखरीत रेघा उमटतात. मग तो अंगठ्याच्या टोकावर उलटा करायचा की झाला छोटासा कान. व्हिडिओतल्या बाईला हे न बघता येत होतं, ती शेजारणीशी बोलत होती आणि जाळीच्या ट्रेवर कान पडत होते. माझे कान काही सपाट, काही फाटके. पण चौथ्या-पाचव्या वळकटीनंतर अंगठ्याला आपसूक जमायला लागलं, कारण त्याला हे ओळखीचं होतं. लग्नसराईच्या आधी आई आणि शेजारच्या बायका ओसरीवर वळवट करायला बसायच्या, तेव्हा आम्हा मुलींना नखुल्या दिलेल्या असत. गव्हले आईचे, कारण ते फार बारीक. मालत्या काकूंच्या. नखुल्यांसाठी नख स्वच्छ लागायचं, आणि चटईवर वाळत टाकलेल्या नखुल्यांवरून कुणी धावलं की पाठीत धपाटा. त्यांची खीर व्हायची. आईच्या नखुल्यांकडे बघायला कधी कुणी परदेशातून आलं नाही, आणि आलं असतं तर तिने आधी पदर सारखा केला असता. बारीच्या त्या गल्लीत आता एवढी गर्दी असते की काही टेबलांवरचा माल कारखान्यातून आणून हाताचा म्हणून विकतात, असे आरोप झालेत. मला त्यात फारसा धक्का बसला नाही. आठ तास दारात बसून लोकांच्या कॅमेऱ्यांसमोर अंगठा चालवायचा, तर एखादी पिशवी आतून येणारच.

खाण्याबद्दल एक सांगून ठेवते, आपल्याकडच्यांना उपयोगी पडेल. आमच्याकडे नवरा शाकाहारी आणि मी मासे खाणारी. त्याची तिथे आबाळ होणार नाही. वाटलेली सुकी बाकला, म्हणजे फावा बीन्स, आणि वर उकडलेली कडू चिकोरीची भाजी, भरपूर ऑलिव्ह तेल घालून, हे तिथलं जुनं गरिबाचं जेवण आहे. आल्तामुराचा जाड सालीचा पाव आठवडाभर टिकतो. टोमॅटो लावलेला फोकाच्चा पाव तर जागोजागी. पण ओरेक्किएत्तेवरच्या हिरव्या भाजीत अँचोवी, म्हणजे छोटे खारवलेले मासे, विरघळवलेले असतात. दिसत नाहीत. आधी विचारायचं. उलट माझी परीक्षा बारीच्या बंदरावर आहे, जिथे मासेवाले ऑक्टोपस दगडावर आपटून आपटून मऊ करतात आणि लोक तो तिथेच कच्चा खातात. मी म्हाकुल पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या घरातली, तरी 'कच्चा' ह्या शब्दापाशी अडते. बघू.

बाकी नियोजन म्हणाल तर ते हाताबाहेर चाललंय. ऑगस्ट नको, कारण पंधरा ऑगस्टला अख्खी इटली समुद्रावर असते आणि भाडी आभाळाला भिडतात. सप्टेंबरचा उत्तरार्ध ठरला, तेव्हा पाणीही उबदार असतं. दुपारच्या वेळी दुकानांची दारं बंद, रस्ते रिकामे, त्या वेळेला तिथे 'कोन्त्रोरा' म्हणतात आणि ती झोपायची वेळ आहे, हे नवऱ्याला फार पटलं. पोलिन्यानोचा तो जगप्रसिद्ध किनारा, दोन कड्यांच्या मधला, फोटोत दिसतो तेवढाच आहे, आणि वाळू नाही, गोटे आहेत. ह्याच्या गुडघ्यांचा विचार करता वरच्या पुलावरूनच दर्शन. वाळू हवी तर खाली, टाचेच्या टोकाकडच्या सालेंतोत जायचं. तिथला एक ठोकताळा मला भारी आवडला. उत्तरेचा त्रामोन्ताना सुटला की आयोनियन बाजूला पोहायला जा, दक्षिणेचा शिरोक्को आला की एड्रियाटिक बाजूला. टाच एवढी अरुंद की सकाळी वारा बघून समुद्र बदलता येतो. मी तसं लेकीच्या तक्त्यात लिहिलं, 'समुद्र: वारा बघून'. तिने तो रकाना पिवळा केला, म्हणजे 'अनिश्चित'. जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. म्हणून बारीपासून लेच्चेपर्यंत रेल्वे, आणि गाडी फक्त सालेंतोपुरती.

त्या सालेंतोच्या रस्त्यांवर जे दिसणार आहे, त्याबद्दल मास्सेरियांच्या फोटोंत काहीच नाही. २०१३ साली गाल्लिपोलीजवळ ऑलिव्हची झाडं शेंड्याकडून वाळताना दिसली. जायलेला नावाचा जिवाणू, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या तुंबवतो. शेतातला एक साधा रस शोषणारा किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. काही वर्षांत लाखो झाडं गेली. शेकडो वर्षांची, खोडाला पीळ पडलेली, आजोबा-पणजोबांच्या नावाने ओळखली जाणारी झाडं. ह्याच गाल्लिपोलीतून एके काळी दिव्याचं तेल जहाजं भरभरून जायचं आणि लंडनचे रस्ते उजळायचे. तेलाच्या घाण्या जमिनीखाली, खडकात कोरलेल्या. आता मैलच्या मैल करडे सांगाडे, काही ठिकाणी मुळापासून उपटून, रोगाला दाद न देणारी 'लेच्चीनो' आणि 'फावोलोसा' जातीची रोपं लावलेली. उत्तरेला ओस्तुनी आणि फसानोच्या मध्ये पुराणवृक्षांचं मैदान अजून बरंचसं हिरवं आहे, आणि महागड्या खोल्या बहुतेक त्याच बाजूला आहेत. लेकीच्या पट्टीतला तो करडा-हिरवा रंग मी पुन्हा मोठा करून बघितला. मग जाऊन लिननचे दोन शर्ट आणि एक पांढरा झगा घेतला. पांढरं मला वाटलं त्यापेक्षा बरं दिसतं, आरशात दोनदा वळून बघितलं. जांभळा कुर्ताही बॅगेत आहे, तळाशी. ओत्रांतोच्या त्या झाडापाशी घालीन, तिथे जमिनीवर सगळे रंग आहेत.

ब्रिंदिसीला विमान पकडण्यापलीकडे कुणी थांबत नाही, आणि मला तिथे एक संध्याकाळ हवी होती. कारण मुंबई. १८७०च्या सुमारापासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून निघालेली टपाल ब्रिंदिसीपर्यंत रेल्वेने यायची आणि पुढे बोटीने सुएझमार्गे मुंबईला. आपल्याकडे विलायतेची डाक येण्याचा दिवस म्हणून लोक वाट बघायचे, ती पोती ह्या बंदरातून चढलेली. गांधीजी गोलमेज परिषदेहून परतताना रोममार्गे इथे आले आणि १४ डिसेंबर १९३१ ला 'पिल्स्ना' बोटीत बसले. मुंबईत उतरले २८ तारखेला, आणि आठवडाभरात तुरुंगात. त्या धक्क्यावर बसून एक कॉफी प्यायची, एवढंच. लेकीने हे चालवून घेतलं. "ओके, सनसेट आहे तिथे."

पण तारांतो ह्या बंदराच्या शहरावरून मात्र बाप-लेकीत जुंपली.

नवऱ्याचे एक चुलत आजोबा सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे ज्या बटालियनच्या नामदेव जाधवांना पुढे १९४५ साली सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच. आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर ते सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोच्या बंदरात उतरले आणि तिथून चिखल तुडवत उत्तरेला गेले. लढाईबद्दल ते बोलत नसत. पोरांना एकच गोष्ट सांगायचे. उतरल्यावर वाटेत झाडांना हिरवी बोरांसारखी फळं लगडलेली. भूक लागलेली, विचारायचं कुणाला आणि कुठल्या भाषेत? तोडलं, तोंडात टाकलं, आणि जे थुंकलं ते दिवसभर थुंकतच होते. कडुनिंब बरा, म्हणायचे. झाडावरचं ऑलिव्ह मुरवल्याशिवाय खाताच येत नाही, हे साताऱ्याच्या पोराला कोण सांगणार.

एवढे दिवस नवरा प्रत्येक गोष्टीला 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत होता. लेक म्हणाली, "बाबा, तारांतोला कुणी जात नाही. तिथे स्टील प्लँट आहे." आहे खरा, १९६०च्या दशकातला, युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, आणि त्याच्या धुळीपायी शेजारच्या वस्तीने फार भोगलंय. त्यावर ह्याने वही काढली. बारीहून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास. ग्रीकांच्या काळातले सोन्याचे दागिने असलेलं मोठं संग्रहालय. मधोमध उघडून फिरणारा लोखंडी पूल. आणि माझ्याकडे बघून, "तुझ्यासाठी शिणाणे, म्हणजे ते शिंपले. तिथले प्रसिद्ध आहेत." शाकाहारी माणसाने शिणाण्यांची माहिती काढली, म्हटल्यावर मी मत दिलं. दोन विरुद्ध एक. तक्त्यात तारांतोचा रकाना हिरवा झाला, पण फोटोच्या रकान्यात तिने फुली मारली.

आता ह्याने मास्सेरियाला स्वतःच्या इंग्रजीत मेल केलाय, सप्टेंबरमध्ये तुमच्या झाडावरचं एक फळ तोडलं तर चालेल का. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, फार अदबीचं. तोडणी ऑक्टोबरनंतर सुरू होते, एखादं काढायला काहीच हरकत नाही, पण कृपया खाऊ नका, अतिशय कडू असतं. त्यावर ह्याने लिहिलं की कडू असतं हे आम्हाला १९४३ पासून माहीत आहे. पुढे आणखी एक वाक्य होतं, थुंकायची सोय कुठे आहे असं विचारणारं, ते मी खोडायला लावलं.